शाळेच्या संगणकांवरचं क्रॅक काढून टाका : सोलापूरच्या संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

सध्या आपल्या टेबलावर नव्या संगणकांची कोटेशन्स येऊन पडली असतील. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० साठी सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट देणं बंद केलं. तेव्हापासून विक्रेते शाळाशाळांतून सांगत फिरताहेत की जुने संगणक भंगारात काढा आणि विंडोज ११ चालेल असे नवे घ्या. ज्या शाळेकडे तेवढे पैसे नाहीत तिला दुसरा सल्ला मिळतो, "काही काळजी करू नका सर, आहे त्याच मशीनवर अकरा टाकून देतो. क्रॅक आहे आपल्याकडं." क्रॅक म्हणजे परवाना विकत न घेता सॉफ्टवेअर चालू करून देणारी फाइल.

मी संगणक शिक्षिका आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीत ओळखीच्या शाळांच्या लॅब लावून द्यायलाही जाते. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोटेशनवर सही करण्याआधी आपण माझं म्हणणं ऐकून घ्यावं, यासाठी हे पत्र.

म्हणणं सरळ आहे. शाळेच्या एकाही संगणकावर चोरीचं सॉफ्टवेअर असू नये. जे लागतं ते रीतसर विकत घ्या, नाहीतर ज्याच्या प्रती काढून वाटायची परवानगी ते लिहिणाऱ्यांनीच दिलेली आहे असं सॉफ्टवेअर वापरा. शाळेचं बहुतेक सगळं काम या दुसऱ्या प्रकारात भागतं, तेही सध्याच्या जुन्या संगणकांवर.

क्रॅक टाकतात म्हणजे नेमकं काय करतात, हे आपल्यापैकी अनेकांनी शेजारी उभं राहून पाहिलेलं नसेल. हार्डवेअरवाला पेनड्राइव्ह लावतो. त्यातली फाइल उघडायला गेलं की अँटिव्हायरस इशारा देऊन ती अडवतो. म्हणून तो आधी अँटिव्हायरस बंद करतो. पुष्कळदा एक अख्खा फोल्डर 'हा तपासू नको' म्हणून अँटिव्हायरसला कायमचा सांगून ठेवतो, कारण तो पुन्हा चालू झाला की तीच फाइल उडवणार. मग ती फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालवली जाते, म्हणजे संगणकावर तिला काहीही करायची मुभा मिळते. काळी खिडकी उघडते, चार ओळी भराभर पळतात आणि उजव्या कोपऱ्यातला 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' हा पुसट मजकूर निघून जातो. ती फाइल कोणी लिहिली, ती आणखी काय काय करते, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि त्याच संगणकावर बसून आपले लिपिक मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल नंबर भरतात.

क्रॅक उडू नये म्हणून अपडेटही मुद्दाम बंद ठेवले जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तो विंडोजमधल्या ज्या फटीतून घुसला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. फटका बसला तो ते न घेतलेल्यांना.

एकदा आमच्या लॅबमध्ये हे क्रॅकचं काम तास चालू असतानाच झालं. आठवीची मुलं बसून बघत होती. काही दिवसांनी त्यातला एक मुलगा मोठ्या उत्साहानं मला सांगायला आला, "मॅडम, मला पण जमलं. आधी अँटिव्हायरस बंद करायचा." हुशार मुलगा. हे चुकीचं आहे असं मी सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग शाळेत कसं चालतं?" या प्रश्नाचं उत्तर एकट्या शिक्षिकेच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे, म्हणून तो इथे मांडते आहे.

आपल्या गावाला खरं तर हे समजावून सांगावं लागू नये. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. तरीही दुसरीकडे विणलेला हलका माल सोलापुरी म्हणून बाजारात खपवला जातो आणि त्याची झळ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांपासून पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांपर्यंत पोचते. चादरीवरचा मोर आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढलेला असतो. मग तो भोकं पाडलेल्या पत्त्यांवर उतरतो आणि ते पत्ते जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढतात. (याच पत्त्यांवरून चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला आज्ञा द्यायची कल्पना घेतली होती. संगणकाचा इतिहास शिकवायला सोलापूरसारखं दुसरं गाव नाही, आणि तरी आपण तो धडा पुस्तकातल्या चित्रावर उरकतो. जवळचा एखादा कारखाना मुलांना दाखवायला न्यावं, ही माझी जुनी विनंती इथेही करून ठेवते.) तो मोर दुसऱ्यानं न विचारता उचलला तर काय वाटतं, हे आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांना घरूनच ठाऊक असतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची मेहनतही तशीच एकेक ओळ भरून होते. सोलापूरची पोरं आज हिंजवडीत बसून त्याच ओळींवर घर चालवताहेत, महिन्याला आईवडिलांना पैसे पाठवताहेत. त्यांच्या जुन्या शाळेनं तरी त्या कामाची किंमत ओळखावी.

आता कायद्याचं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचा दर्जा आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर कलम ६३ ब लागू होतं. शिक्षा ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झालेला नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. शाळेला ही सवलत मिळेलही, पण गुन्हा तो गुन्हाच राहतो. "आम्ही शिक्षणासाठी वापरतो" असं म्हटल्यानं तो पुसला जात नाही.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. जिथे हाच कायदा शाळांना मनापासून मोकळीक देतो, तिथे आपण घाबरून बसतो. एका शाळेत शिक्षिकेला कवितेच्या दोन पानांच्या झेरॉक्स वर्गासाठी काढू दिल्या नाहीत, कारण काय तर पुस्तकावर 'सर्व हक्क सुरक्षित' छापलंय. त्याच शाळेच्या ऑफिसात वर्डपासून फोटोशॉपपर्यंत सगळं क्रॅकचं होतं. कायदा याच्या बरोबर उलट सांगतो. कलम ५२ प्रमाणे शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं एखाद्या कृतीची प्रत काढली, प्रश्नपत्रिकेत उतारा घेतला, तर तो हक्कभंग होत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं हीच तरतूद विद्यार्थ्यांच्या बाजूनं वाचली. अंध मुलांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात बदलून घ्यायची परवानगी २०१२ च्या दुरुस्तीनं दिली. स्नेहसंमेलनात मुलांनी आणि शिक्षकांनी गाणी म्हटली, नाटक बसवलं आणि समोर पालक, विद्यार्थी, शाळेशी संबंधित मंडळी असली, तर त्यालाही सूट आहे. मात्र तेच चित्रीकरण यूट्यूबवर चढवलं की प्रेक्षक शाळेपुरते राहत नाहीत. मग आवाज बंद केला गेला म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन कुठलीही शाळा छापू शकते, वाचून ध्वनिमुद्रित करू शकते, गावभर वाटू शकते. किती शाळांनी केलं? मुलांच्या आवाजातली अशी पुस्तकं सोलापुरातून निघायला हवी होती. कायद्यानं उघडून दिलेलं हे दार आपण ढकलूनही पाहिलेलं नाही.

पुन्हा लॅबकडे येते. खरेदीआधी जुन्या संगणकांची डबडी एकदा फिरवून बघा. बाजूला किंवा मागे विंडोजचं स्टिकर असतं. कंपनीचा नवा संगणक असेल तर परवान्याचा क्रमांक आतच साठवलेला असतो. म्हणजे पुष्कळ शाळांनी विंडोजचे पैसे खरेदीच्या वेळीच भरलेले आहेत. पुढे कधीतरी संगणक बिघडला, कुणीतरी फॉरमॅट मारलं आणि हक्काच्या विंडोजवर क्रॅकचं विंडोज टाकलं. पैसे देऊनही चोरीचा माल वापरायची वेळ शाळेवर आली. विंडोज १० साठी पुढची अपडेट शाळांना अल्प दरात विकत घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली आहे, पण ती परवाना असलेल्यांना. म्हणून आधी आपल्याकडे मुळात काय आहे हे शोधणं गरजेचं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. योजनेतून आलेले किंवा देणगीत मिळालेले आपले बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. बसत नाहीत म्हणून ते निकामी झाले असं मात्र नाही. ४ जीबी रॅमच्या असल्या मशीनवर आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स ही खुल्या परवान्याची प्रणाली टाकली, तिच्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली. आधी हजेरी होईपर्यंत पडद्यावर गोल गोल फिरतच असायचं. आता मुलं खुर्चीत बसेपर्यंत डेस्कटॉप समोर येतो. त्यात लिहायला, हिशेबाला, सादरीकरणाला लिब्रेऑफिस आहे. चित्रांसाठी गिम्प आणि इंकस्केप टाकलं, लहान मुलांना प्रोग्रॅम रचायला स्क्रॅच. यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर मी मुलांना पेनड्राइव्हवर घरी देऊ शकते, कारण तसं करायला त्याचा परवाना स्वतःहून सांगतो. "मॅडम, घरी टाकू का?" असं मुलांनी विचारलं की मला आता नजर चुकवावी लागत नाही. शिक्षिकेला याचं मोल फार आहे.

यावर "पुढं नोकरीत सगळीकडे वर्ड-एक्सेलच लागतं" हा आक्षेप पहिला येतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. २००७ साली मायक्रोसॉफ्टनं ऑफिसचे मेनू काढून वर पट्टी आणली, तेव्हा 'फाइलमध्ये जा, तिसऱ्या ओळीवर क्लिक करा' असं पाठ करणारे अडले. ज्यांना शीर्षकाला स्टाइल का द्यायची, सूत्रात डॉलरचं चिन्ह लावलं की काय होतं, हे समजलं होतं त्यांचं काम चार दिवसांत सुरळीत झालं. आम्ही लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये शिकवलेली बेरीज, सरासरी, शर्तीचं सूत्र हे सगळं एक्सेलमध्येही चालतं. पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी ते आपल्याकडे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, 'प्रेसमध्ये हेच लागतं' म्हणून. एका कंपनीचं एक बटण पाठ करून घेणं हे शाळेचं काम नाही.

केरळनं हे कधीच करून दाखवलंय. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत संगणकाचे धडे ग्नू/लिनक्सवर होतात. राज्य शासनाची काइट ही संस्था उबंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावरून स्वतःची प्रणाली तयार करून शाळांना देते, दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच होते. तिथली मुलं नोकरीत मागे पडली असं कुणी म्हणत नाही.

अडचणी आहेत, त्या लपवून मी कुणाला लिनक्सवर ओढणार नाही. हिशेबाचं टॅली विंडोजवरच चालतं. काही जुने प्रिंटर, काही स्कॅनर, हजेरीची बोटांची यंत्रं आणि डिजिटल सहीची काही टोकन्स लिनक्सवर त्रास देतात. छापखाना कोरल ड्रॉची फाइल मागतो. म्हणून ऑफिसातला एखाद-दुसरा संगणक विंडोजवर राहू द्या, फक्त तो परवान्याचा असू द्या. शाळेची माहिती भरायची सरल आणि यू-डायस प्लस ही सरकारी पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतात, त्यांना विंडोजची गरज नाही. दुरुस्तीला माणूस मिळत नाही ही तक्रार खरी आहे. पण नवी पेठेतल्या दुकानदारानं लिनक्स शिकावं असं वाटत असेल तर गिऱ्हाइकानं ते मागायला हवं, आणि आपण मोठं गिऱ्हाईक आहोत. एकेका संस्थेच्या चार-पाच शाळा असतात.

एक गोष्ट खास सोलापूरची. आपल्याकडे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, पुष्कळदा एकाच वस्तीत. यांच्या प्रश्नपत्रिका आजही जुन्या फॉन्टमध्ये टाइप होताना मी पाहते. तो फॉन्टही बहुधा कुणाकडून तरी कॉपी करून आणलेला असतो. फाइल दुसऱ्या शाळेत पाठवली आणि तिथे तो फॉन्ट नसला की 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा खच दिसतो. मग रात्री फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, पुन्हा टायपिंग. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हे होत नाही. मुक्ता, लोहित, नोटो असे देखणे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, कितीही संगणकांवर टाका. आणि टाइप करायला इनस्क्रिप्ट शिकवा. या कळफलकात देवनागरीचा 'क' ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर तेलुगूचा आणि कन्नडचाही 'क' आहे. घरी तेलुगू बोलणारी, मराठी शाळेत शिकणारी साखर पेठेतली मुलगी एकदा बोटं बसली की दोन्ही भाषांत लिहू शकते. माझ्या वर्गात एका मुलीनं भाषा बदलायचं बटण दाबून आजीचं नाव तेलुगूत लिहिलं आणि शेजारच्या सगळ्या मुली तिच्या पडद्यावर वाकल्या. तिच्या आजीची लिपी शाळेच्या संगणकावर पहिल्यांदाच उमटली होती. उर्दूचा कळफलक वेगळा आहे, पण तोही लिनक्समध्ये आणि विंडोजमध्ये तयार असतो, बाहेरून आणावा लागत नाही.

आपण स्वतः जे तयार करतो त्याचाही एकदा निर्णय घ्या. आपल्या शिक्षकांनी कष्टानं केलेल्या कार्यपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, कुणीतरी खालचं नाव कापून आपला शिक्का मारतो, आणि मूळ शिक्षक पुढच्या वेळी काही पाठवेनासा होतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा नाव-द्या-आणि-वाटा हा परवाना एका ओळीत तळाशी लिहिता येतो. मराठी विकिपीडिया तशाच परवान्यावर चालतो. वाटायला मोकळीक राहते आणि करणाऱ्याचं नाव टिकतं. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क संस्थेचा असतो. म्हणून ही परवानगी शिक्षकाला एकट्याला देता येत नाही. संस्थेनं ठराव करून ती द्यावी.

आता मागणं. आपल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये टेबल-खुर्च्या, कपाटं, संगणक सगळ्यांची नोंद असते, सॉफ्टवेअरची नसते. तिथे एक रकाना वाढवा. प्रत्येक संगणकासमोर त्यावर काय टाकलंय आणि त्याचा परवाना कुठला, हे लिहायला लावा. ज्याच्यासमोर परवाना लिहिता येणार नाही ते सॉफ्टवेअर जून उजाडायच्या आत काढा. नव्या कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरचं नाव आणि किंमत वेगळी मागा. 'ओएस आणि ऑफिस फ्री' असं लिहिलेलं असेल तर ते कुठलं आणि कोणत्या परवान्यानं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ते लेखी मिळेपर्यंत सही करू नका.

मे महिन्यात लॅब मोकळ्या असतात. ज्या शाळेला जुने संगणक लिनक्सवर आणायचे आहेत तिथे मी आणि माझ्याबरोबर शिकवणारे काही जण येऊ. मानधन नको. शाळेनं एसएसडी आणून ठेवाव्यात, ऑफिसातल्या फाइलींचा बॅकअप आधी घेऊन ठेवावा, आणि नववीच्या चार-पाच मुलामुलींना त्या दिवशी बोलवावं. टाकायचं काम आम्ही त्यांच्याकडूनच करून घेऊ.

आपली,
एक संगणक शिक्षिका
सोलापूर